प्रिन्सेस, टायगर आणि मेंढरं विकलेला माणूस

चौसाळा,
३ फेब्रुवारी २०२५

चि. संगीता,

आशीर्वाद. तुझी दोन्ही कुत्री सुखरूप पोचली. माझ्याबद्दल तसं सांगता येत नाही.

गावचा प्रविण पुण्याच्या मंडईत कोबी उतरवून रिकामी पिकअप घेऊन आला, त्यात उरल्यासुरल्या पानांवर ही दोघं बसून आली. पिकअप पारापाशी थांबली तेव्हा गावातली सगळी रिकामटेकडी मंडळी तिथं हजर होती. अंगद कुत्री न्यायला आलाय म्हटल्यावर सगळे उठून पुढं आले. त्यांचं तरी काय चुकलं? आपल्या घरची कुत्री म्हणजे आबांचा खंड्या, ज्यानं लिंबागणेशच्या माळावर लांडग्याला उताणं पाडलं होतं. त्या खंड्याच्या मालकाचा मुलगा पुण्याहून खास कुत्री मागवतो म्हणजे काहीतरी जबरदस्त असणार.

प्रविण खाली उतरला. एका हातात एक आणि दुसऱ्या हातात दुसरं. चुलतभाऊ धुळाजी म्हणाला, "दादा, पिल्लं हायती व्हय?" मी खरं तेच बोलायला नको होतं. मी म्हणालो, "न्हाई, पुरी वाढ झालीया." मग सगळे परत पारावर जाऊन बसले. त्यानंतर प्रविणनं सगळ्यांसमोर सांगितलं की त्या काळ्या तोंडाच्या, बिननाकाच्या कुत्र्याचं नाव टायगर आहे. धुळाजी म्हणाला, "मग बिबट्याची काळजी मिटली म्हना की."

घरी येऊन मी खंड्याचा खिळ्यांचा पट्टा शोधून काढला. लांडग्यानं नरडं धरू नये म्हणून मेंढरांमागच्या कुत्र्याला तो घालतातच, तुला माहीत आहे. टायगरच्या गळ्यात घातला तर तो जागच्या जागी खाली बसला. मला वाटलं, काय शिस्त आहे! मंगल म्हणाली, "शिस्त कसली? त्याला मान उचलंना झालीया."

दुसरीचं, म्हणजे त्या पांढऱ्या केसाळ गोळ्याचं, नाव प्रिन्सेस आहे. तुझ्या त्या दांडेकर आजी, ज्यांची तू शेवटपर्यंत सेवा केलीस, त्यांना ही नावं ठेवताना कल्पना नसेल की पुढं एक साठी उलटलेला धनगर भर रस्त्यात, मिशांना पीळ देऊन, "प्रिन्सेस, इकडं ये" असं ओरडणार आहे. मी अजून ओरडलेलो नाही. मी टाळ्या वाजवतो. ती येत नाही.

तू दिलेलं खाण्याचं पाकीट संपत आलंय. ते इथं मिळत नाही, बीडला मिळतं. किंमत ऐकल्यावर मी दुकानदाराला विचारलं की हे माणसांना चालतं का. तरी काय द्यायचं ते कळव. आणि फोन करू नकोस. फोनवर आपण दोघं एकदम बोलतो, मग भांडतो, मग तू ठेवून देतेस. मेंढरांमागं रानोमाळ फिरायचो तेव्हाही मी तुला पत्रंच टाकायचो. प्रविण पुण्याला येत-जात असतो, त्याच्याकडं दे.

मेंढरांचं म्हणशील तर कळप विकला, गुडघा साथ देत नव्हता. आठ म्हाताऱ्या मेंढ्या उरल्यात, त्या कुणी घेतल्या नाहीत. माझ्याच वयाच्या आहेत. मंगलनं बजावलंय की कुत्री उंबऱ्याच्या आत येता कामा नयेत. आपल्यात कधी आली नाहीत, येणारही नाहीत. तू लेकीकडं राहायला गेलीस आणि करिष्माच्या नवऱ्याला कुत्र्यांनी शिंका येतात म्हणून तुझी अडचण झाली, हे समजतो. पण महिनाभरासाठी म्हणालीस, हे मी पारावर सगळ्यांना सांगून ठेवलंय.

तुझा,
अंगददादा

*

हडपसर,
२० फेब्रुवारी २०२५

ति. दादा,

नमस्कार. आधी तो खिळ्यांचा पट्टा काढ, मग पुढचं वाच.

काढलास? आता ऐक. टायगरच्या तोंडावरच्या घड्या रोज ओल्या फडक्यानं पुसायच्या आणि कोरड्या करायच्या, नाहीतर तिथं चिघळतं. त्याला नाक नाही असं तू लिहितोस. आहे, पण आत दाबलेलं आहे. त्यामुळं उन्हात त्याला श्वास पुरत नाही. दुपारी सावलीत ओलं पोतं टाकून त्यावर बसव. प्रिन्सेसचे केस रोज विंचरायचे. ती नाराज असली की पाठ करून बसते. लाड केले की अजून जास्त पाठ करते, तेव्हा फार मनावर घेऊ नकोस.

पाकिटाचं मनातून काढून टाक. दांडेकर आजी होत्या तोवर या दोघांना डब्यातलं मटण मिळायचं. आजी गेल्या, मुलांनी घर विकायला काढलं, कुत्री कुणालाच नको होती, म्हणून मी आणली. माझ्याकडं आल्यावर भात, लाल भोपळा आणि एक अंडं तिघांत. तिघांत म्हणजे मीही त्यात आले. तब्येत तिघांचीही सुधारली. तू बाजरीची भाकरी ताकात कुस्करून दे. नखरे करतील, पण भूक लागली की प्रिन्सेससुद्धा खानदानीपणा विसरते.

माझं इथं छान चाललंय. सोफा रात्री उघडला की पलंग होतो. सकाळी सगळे उठायच्या आत त्याचा परत सोफा करायचा, एवढंच काय ते काम. करिष्मा आणि जावई दोघंही चांगले आहेत. कामावरून येतात तेव्हा दिवसभर बोलून दमलेले असतात, मग मी टीव्हीचा आवाज बारीक करते आणि माझाही.

परवा एक गंमत झाली. सवयीनं पहाटे फिरायला निघाले. चौकापर्यंत गेल्यावर लक्षात आलं की हातात जुने दोन्ही पट्टे आहेत. नुसतेच. वॉचमननं विचारलं, "मावशी, कुत्री कुठं?" मी म्हणाले, पुढं गेली. तो हसला, मीही हसले. घरी येऊन मात्र जरा रडले. वयानं माणूस कसा वेडगळ होतो बघ.

दोघांचा फोटो पाठव.

तुझी,
संगीता

*

चौसाळा,
२९ मार्च २०२५

चि. संगीता,

आशीर्वाद. महिना होऊन गेला हे मला मंगलनं सांगितलं. शेतीच्या कामात मोजायचं राहून गेलं. शेतात सध्या काही नाही, हा भाग वेगळा.

तुझ्या कुत्र्यांनी जीव नकोसा केलाय. टायगरला भाकरी आवडते, पण ताकातली, आणि ताक ताजं हवं. प्रिन्सेस कुस्करलेलं खात नाही, तिला घास हातानं द्यावा लागतो. द्यावा लागतो म्हणजे मंगल देते. तिचं मन फार हळवं, तुला माहीतच आहे. तिच्यामुळंच कुत्री हल्ली उंबऱ्याच्या आत येतात. म्हणजे दिवसा येत नाहीत. निजायला तेवढी येतात. टायगर असा घोरतो की शेजारचा आपल्या बायकोला म्हणाला, "अंगदानं पिठाची गिरनी टाकलीया वाटतं."

तोंडावरची घडी चिघळली होती म्हणून त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. पुढं म्हशी, मागं म्हशी आणि मधे मी, काखेत टायगर. मागच्यानं विचारलं, "दादा, किती लिटर देती?" मी टायगरला दुसऱ्या काखेत घेतलं. डॉक्टरांनीही बराच वेळ टायगरच्या मागं बघितलं, म्हणजे खरं जनावर बाहेर बांधलंय की काय म्हणून. पण माणूस चांगला. मलम दिलं, आता बरं आहे.

सकाळी मेंढ्या सोडतो तेव्हा टायगर सोबत येतो. तो मेंढ्या राखतो असं मी म्हणणार नाही. मेंढ्या त्याला राखतात. बांध आला की तो खाली बसून माझ्याकडं बघतो, मग त्याला उचलून पलीकडं ठेवायचं. माझा गुडघा असा आणि त्याचे पाय तसे. आमची वरात बघायला पोरं बांधावर येऊन बसतात. चाळीस वर्षं तीनशे मेंढरं मागं चालवलेला माणूस मी, आता एका कुत्र्याला बांध ओलांडून देतो.

फोटोचं म्हणालीस. माझा फोन बिघडलाय. मंगलच्या फोनला कॅमेरा आहे पण तो स्वच्छ नाही. प्रिन्सेसला सध्या अगदी सुटसुटीत वाटतंय, एवढंच सांगतो. काळजीचं कारण नाही.

तुझा,
अंगददादा

*

हडपसर,
१४ एप्रिल २०२५

ति. दादा,

नमस्कार. प्रविण कालच येऊन गेला. मी विचारलं, प्रिन्सेस कशी आहे? तर तो टोपी काढून डोकं खाजवायला लागला. म्हणाला, "आत्या, पांढरं कुत्रं काय मला दिसलं न्हाई. पर अंगददादाच्या दारात उंदरावानी कायतरी जाकीट घालून बसलेलं असतंय."

सुटसुटीत म्हणजे काय, ते सविस्तर लिही. मंगलवहिनीची शपथ आहे तुला.

आता माझी बातमी. मला खोली मिळाली! तळमजला, पुढं बोळ, बोळात एक कडुनिंब. आजी जाताना माझ्या नावानं थोडे पैसे ठेवून गेल्या होत्या, त्यांच्या व्याजात भाडं बसतंय. भाकरीपुरतं एका घरी सकाळचं काम धरलंय. मालकीण कडूबाई म्हणून आहे, आपल्याच जिल्ह्यातली, युसूफ वडगावची. एकटीच असते. मी भीत भीत विचारलं की दोन लहान कुत्री चालतील का? तर म्हणाली, "आन की बाई. मलाबी तेवढीच सोबत."

मेच्या मध्यावर तिथं राहायला जाते आणि महिनाअखेरीस दोघांना न्यायला येते. दादा, तुला किती त्रास झाला हे तुझ्या एकेका ओळीतून कळतंय. एका महिन्याचं सांगून मी चार महिने तुझ्या गळ्यात ही ब्याद बांधली. आता तुझी सुटका. मी इतकी खूष आहे की काल कडूबाईकडं जाऊन, खोलीत सामान नसताना, दोघांच्या पाण्याच्या वाट्या कुठं ठेवायच्या ते ठरवून आले.

तुझी,
संगीता

*

चौसाळा,
२७ एप्रिल २०२५

चि. संगीता,

आशीर्वाद. शपथ घातलीस, म्हणून लिहितो. बसून वाच.

मार्चमध्ये धुळाजी आपल्या मेंढ्या कातरायला आला होता. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो. त्याची काम करायची पद्धत अशी की तो मान वर करत नाही. तो बसणार, मी एकेक मेंढी पाय बांधून पुढ्यात आडवी करणार, तो कातर चालवणार, मी सोडणार. आठही झाल्या. प्रिन्सेस शेजारी सावलीत पडून जीभ काढून धापा टाकत होती. अंगावर एवढी लोकर आणि वरून मराठवाड्याचं ऊन. आता तू सांग, ज्याच्या सात पिढ्यांनी लोकर दिसली की कातरली, त्याच्या मनात दुसरं काय येणार?

मी तिला धुळाजीपुढं ठेवली. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा मान वर केली. म्हणाला, "दादा, हे मेंढरू न्हाई." मी म्हणालो, "मला कळतंय. कातर तू." तो म्हणाला, "इचार करा." मी म्हणालो, "बे धुळ्या, चाळीस वर्सं मेंढरं राखली म्या. मला शिकवतो व्हय?"

संगीता, आत कुत्रं फारच थोडं निघालं. लोकरीचा ढीग मोठा आणि त्याच्याशेजारी गुलाबी रंगाचं, लटपटत्या पायांचं काहीतरी. ती उठली, तिनं स्वतःकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि पाठ करून बसली. मंगल आतून आली आणि म्हणाली, "हे कुनाचं हाय?"

डॉक्टरांकडं धावलो. ते म्हणाले, या जातीचे केस कातरायचे नसतात. तेच केस तिला उन्हापासून राखतात, मेंढीचं गणित इथं लागत नाही. येतील परत, पण कसे येतील सांगता येत नाही. तोवर अंगाला ऊन लागू देऊ नका. मंगलनं आपल्या जुन्या लुगड्याचं जाकीट शिवलं. जरीचा काठ बरोबर पाठीवर आलाय. गावातल्या बायका बघायला येतात. मंगल कित्येक दिवस मला जेवायला वाढायची ती ताटाकडं बघून. धुळाजीनं पारावर सांगितलं की अंगददादा आता कोंबड्या बी कातरनार हायती.

हे असं झालं. आता पाठीवर बारीक लव आलीय. मी रोज हात फिरवून बघतो.

तुझ्या खोलीचं वाचून बरं वाटलं. न्यायला ये, मी कुठं अडवलंय? फक्त महिनाअखेर म्हणजे ऐन ऊन, प्रवासात टायगरला धाप लागेल. जूनमध्ये बघ. जूनमध्ये पेरणीची गडबड असते म्हणा, तेव्हा मला वेळ होणार नाही. मग पुढं पोळा, त्यात काही होत नाही. तुझं तू ठरव. माझं काही नाही.

तुझा,
अंगददादा

*

चौसाळा,
५ मे २०२५

संगीताताईंना मंगलचा नमस्कार.

चौथीपसनं पेन धरला न्हाई, चुकलंमाकलं संबाळून घ्या. ह्यान्ला म्हाईत न्हाई मी लिव्हतीया. प्रविणला गुपचूप देनार हाय.

ताई, ते तुमाला लिव्हतेत ते समदं खोटं हाय. पत्राचं पाकीट मीच चिकटविते, त्याच्या आदी वाचते. कुत्री उंबऱ्याच्या आत मी घेतली न्हाईत. ह्यान्नीच पयल्या दिशी घेतली, मला म्हनाले, थंडी हाय, आजच्या दिवस. घास बी हेच भरवतेत. फोन बी बिघडला न्हाई.

तुमाला कुनी सांगितलं नसंल, म्हनून सांगते. मेंढरं इकली त्या दिसाला हे पारापातूर गाडीमागं चालत गेलते. परत आले आन काठी कोपऱ्यात ठिवली. तवापसनं भिताडाकडं तोंड करून बसायचे. दोन घास खायाचे न् उठायचे. मी म्हनायचे, काय दुकतंय? म्हनायचे, काय न्हाई. एक डाव मला म्हनाले, मंगल, आता माझी कुनाला गरज न्हाई. मला लई भ्या वाटायलतं, ताई. मी पान्याला गेले तरी पळत घरी यायाची.

तुमची कुत्री आली आन दुसऱ्या दिशी सकाळी काठी हातात घेतली. टायगर चालंना झाला की घोंगडीत घालून खांद्यावर आनतेत. माळावरनं यिऊस्तोवर त्याच्यासंग बोलत ऱ्हातेत. माझ्यासंग जलमात एवढं बोलले न्हाईत. मला त्याचा राग न्हाई. बोलतेत हेच लई झालं.

कुत्री तुमची हायती, तुमी न्या. तुमी बी एकल्याच हाव, मला कळत न्हाई का? मी न्हाई म्हननार न्हाई. फकस्त येयाच्या आदी मला एकलीला कळवा, म्हंजी ह्यान्ला कसं संबाळायचं त्याची मी तयारी करते.

मंगल

*

हडपसर,
१९ मे २०२५

ति. दादा,

नमस्कार. खोलीत राहायला आले, सामान लागलं. प्रिन्सेसचं वाचून आधी रागावले आणि मग इतकी हसले की कडूबाई बघायला आली.

पण एक वाईट बातमी. कडूबाईचं मन फिरलं. म्हणते, कुत्री नकोत, घाण होते, शेजारी तक्रार करतील. मी पुष्कळ विनवलं. शहरात कुणाच्या शब्दाचा भरवसा नाही बघ. आता परत खोल्या शोधत फिरायची माझ्यात ताकद नाही.

तेव्हा कुत्री तुझ्याकडंच राहू देत. आता कायमचीच. मी न्यायला येत नाही. तुझ्यावर लोढणं टाकतेय, मला समजतंय, पण मावसभाऊ असलास तरी थोरला भाऊ म्हणून एवढं सोस. मी इथं रमलेय. शेजारपाजार चांगला आहे, दिवस कसा जातो कळत नाही.

टायगरला दुपारचं ओलं पोतं तेवढं विसरू नकोस.

तुझी,
संगीता

*

हडपसर,
२ जून २०२५

मंगल,

तुला पत्र कसं सुरू करायचं ते मला येत नाही. चाळीस वर्षांत वेळच आली नाही. मेंढरांमागं असताना तुला निरोप पाठवायचो, तोही मिठा-मिरचीचा. तेव्हा आधीच सांगतो की मी जिवंत आहे, कुत्री जिवंत आहेत आणि तू हातात जे काही घेऊन वाचत असशील ते आधी खाली ठेव.

तुला न सांगता पहाटे प्रविणच्या गाडीत बसलो. सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस आणि मला तेच हवं होतं, म्हणून सांगितलं नाही.

त्याचं असं झालं. कुत्री आता कायमची तुझ्याकडंच, असं संगीताचं पत्र आलं तेव्हा मी तुझ्यापुढं कपाळाला हात लावला आणि तिच्या मालकिणीला शिव्या दिल्या. मग गोठ्यामागं जाऊन दोघांना एकेक अख्खं अंडं दिलं आणि तिसरं मी खाल्लं. एवढा आनंद मला कळपात जुळी कोकरं झाल्यावरही झाला नव्हता. पुढच्या फेरीला प्रविण आला. मी सहज म्हणालो, बरी राहाती का रं आत्या? तो म्हणाला, "बरी हाय. पर दारात दोन वाट्या पान्याच्या भरून ठिवती रोज. कुत्री तर तुमच्याकडं. मग कुनासाठी?"

मंगल, मी मठ्ठ आहे हे तुला पहिल्या वर्षीच समजलं होतं. मला ते त्या दिवशी समजलं. तिनं मन मारून कुत्री सोडली होती आणि मी गोठ्यामागं अंडी खात होतो. तू तिला काही लिहिलंस का, हे मी विचारणार नाही. लिहिलं असशील तर खरंच लिहिलं असशील.

म्हणून दोघांना घेऊन निघालो. ठरवलं होतं, दारात सोडायची आणि त्याच गाडीनं परत फिरायचं. दार कडूबाईनं उघडलं. काखेत टायगर बघून म्हणाली, "आली का एकदाची? ही बाई रोज सांगती, आज येतील, उद्या येतील." म्हणजे मन कुणाचंच फिरलं नव्हतं. तेवढ्यात संगीता बाहेर आली. प्रिन्सेस कधी कुणाकडं धावते का? पण जाकिटात पाय अडकत धावली. संगीता खाली बसली आणि तिला पोटाशी धरून, मला रागवत, रडत राहिली. टायगर तिच्या पदरात तोंड खुपसून घोरल्यासारखा आवाज काढत होता. मी दारात उभा. मला वाटलं, चला, आपलं काम झालं.

पण निघता येईना. तिनं चहा केला, मग भाकरी केली, मग पुन्हा चहा. स्वयंपाक सहा जणांचा. आणि बोलत होती, मंगल. एकसारखी. दांडेकर आजींचं, कडूबाईचं, बोळातल्या कडुनिंबाचं, आईचं, लहानपणी आम्ही खाल्लेल्या सीताफळांचं. मी पाणी प्यायला उठलो तर मागं येऊन बोलत होती. किती दिवस साठवलं होतं कुणास ठाऊक. करिष्मा रविवारी येऊन जाते, तेवढीच. गाडी निघायची वेळ झाली तसा तिचा आवाज बारीक होत गेला. शेवटी म्हणाली, "दादा, कुत्री तू परत ने. मी बघितली, मला पुरे झालं." आणि पायरीशी उभी राहून माझी पिशवी हातात धरून ठेवली. घेऊन जा असंही म्हणायची आणि पिशवीही सोडायची नाही.

मी प्रविणला म्हणालो, तू जा बाबा, आणि थांबलो. तिच्या हातून पिशवी काढून घ्यायचं मला जमलं नाही, गुडघ्याचं निमित्त सांगितलं.

आता मुद्द्याचं लिहितो. मी तिला म्हणालो, तूच चल चौसाळ्याला. तर म्हणाली, "आई-बाप गेले, सख्खा भाऊ नाही, मला कुठलं माहेर? मावसभावाच्या घरी जाऊन पडले तर लोक काय म्हणतील?" मी म्हणालो, लोकांना बोलायला मी पुरतो, तुझी पाळी येणारच नाही. मग हसली. पण म्हणाली, "वहिनीचं घर आहे. आधी तिला विचार."

तिचं बरोबर आहे. चूल तुझी आहे. आपलं आधीच जेमतेम, त्यात दोन कुत्री आणि वर हे एक माणूस. ती आपलं व्याज घेऊन येईन म्हणते, पण तो प्रश्न नाही. घर तुझं आहे आणि मी तिथं चाळीस वर्षं पाहुण्यासारखाच येत-जात राहिलो. तुझी मर्जी नसेल तर मी एकटा येतो, कुत्री इथं ठेवतो आणि पुन्हा भिंतीकडं तोंड करून बसणार नाही, हा शब्द देतो. प्रविणजवळ उत्तर दे. तोवर मी इथं आहे.

तुझा,
अंगद

*

चौसाळा,
५ जून २०२५

पत्र पोचलं.

सकाळी उठले तर घोंगडी न्हाई, काठी न्हाई, कुत्री न्हाईत आन तुमी न्हाई. मला वाटलं माळावर गेले. उन्हं वर आली तरी न्हाई. धुळाजीभावजीला हिरीवर बघून या म्हनून धाडलं. सांजच्याला प्रविणनं फोन करून सांगितलं की तुमी पुन्याला हाव. तवर माझं काय झालं आसंल ते यिऊन इचारा, कागदावर मावायचं न्हाई. त्या राती घोरायचा आवाज न्हाई, मला झोप बी न्हाई. टायगरचं ताक तसंच आंबलं, मी वतून दिलं.

मागची खोली झाडून घेतली. तिथं कांदे हुते ते हलविले. संगीताताईला सांगा, कौल बदलायचंय, चार दिवस ठिबकंल.

आन तुमाला एकच इचारते. कुत्री घिऊन जाताना मला इचारलं न्हाई, मग माझी ननंद माझ्या घरी आनायला का म्हनून इचारता?

मंगल